जब्याचा दगड कुणाला लागला?

एक काळासावळा पोरगा वाकतो, दगड उचलतो आणि अंगातली सगळी ताकद लावून भिरकावतो. दगड थेट आपल्या दिशेनं येतो. पडदा काळा होतो. सिनेमा संपतो.

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘फँड्री’ प्रदर्शित झाला आणि या एका दगडानं मराठी प्रेक्षकांचे सरळ दोन गट पाडले. कुणी उभं राहून टाळ्या वाजवल्या, कुणी खुर्चीला खिळून बसलं. आणि बऱ्याच जणांनी दिवे लागल्यावर शेजाऱ्याला विचारलं, “संपला? मग पुढं काय झालं?” बाहेर पडताना पायऱ्यांवरच वाद सुरू व्हायचे. एकाच्या मते असा सिनेमा मराठीत आजवर झालाच नव्हता. दुसरा म्हणायचा, अर्धवट सोडलाय राव, संथ आहे, पोरीशी तो एकदाही बोलत नाही, ही कसली लव्हस्टोरी? तिसरा या दोघांना एका वाक्यात गप्प करायचा: “अवॉर्डवाला पिक्चर आहे तो.” हे कौतुक होतं की शिवी, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागायचं.

‘परीक्षकांना आवडतं ते लोकांना आवडत नाही’ असं म्हणून हा विषय बहुतेक वेळा मिटवला जातो. मला ते उत्तर आळशीपणाचं वाटतं. ‘फँड्री’ची बांधणी नीट पाहिली तर थक्क व्हायला होतं, कारण प्रेक्षकांतली ही फूट सिनेमा बनून गेल्यावर अपघातानं पडलेली नाही. ती सिनेमाच्या यंत्रणेतच बसवलेली आहे.

आधी गाव. या गोष्टीतलं गाव अकोळनेर. नगरपासून फार लांब नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं स्टेशन आणि तिथले पेट्रोल-डिझेलचे डेपो यामुळे जिल्ह्यात बऱ्याच जणांना ठाऊक असलेलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, एसटीत तिकीट मागणारा माणूस अजून ‘नगर’च म्हणतो.) दिग्दर्शक नागराज मंजुळे मूळचे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पण सिनेमाचं शिक्षण त्यांनी नगरमध्ये घेतलं, लालटाकीजवळच्या न्यू आर्ट्‌स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजच्या संज्ञापन अभ्यास विभागात. तिथं शिकत असताना केलेला ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंपासून दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी, एका कॉलेजच्या विभागातून आलेला माणूस पुढच्या पाच-सात वर्षांत मराठी सिनेमाची दिशा वळवतो, ही मला या सगळ्या कथेतली कमी बोलली गेलेली नवलाई वाटते.

आता गोष्ट. जांबुवंत कचरू माने, म्हणजे जब्या. कैकाडी कुटुंब, गावाच्या कडेला घर. बाप कचरू मिळेल ते काम करणारा, आणि गावानं सांगितलं की डुकरं धरणारा. जब्याला शाळेतली शालू आवडते. ती वरच्या जातीची. काळी चिमणी मारून तिची राख अंगावर टाकली की माणूस आपल्या प्रेमात पडतो, यावर त्याचा विश्वास. म्हणून तो आणि त्याचा दोस्त पिऱ्या गलोल घेऊन माळरानात चिमणीमागं हिंडतात. त्याला जीन पँट हवी असते, जत्रेत नाचायचं असतं, आपण कोण आहोत हे वर्गातल्यांना दिसू नये असं वाटत असतं. बस, एवढंच. जेमतेम पावणेदोन तासांचा सिनेमा.

जब्या झालेला सोमनाथ अवघडे नट नव्हता, हलगी वाजवणारा मुलगा होता. बाप झालेले किशोर कदम मात्र कसलेले नट, आणि ‘सौमित्र’ या नावानं कविता लिहिणारे कवी. नाटकात मुरलेला माणूस आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेला पोरगा बाप-लेक म्हणून एका खोपटात शेजारी बसतात आणि कुठंही सांधा दिसत नाही. आई झालेल्या छाया कदम यांच्याबद्दल तेव्हा फारसं कुणी बोललं नव्हतं. पुढं दहा वर्षांनी कान महोत्सवात ग्रांप्री मिळवणाऱ्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये दिसल्या, तेव्हा सगळ्यांना त्या आठवल्या.

पण प्रेक्षक थिएटरात शिरला तो या गोष्टीसाठी नव्हे. तो शिरला एका गाण्यासाठी. अजय-अतुल यांचं ते गाणं महाराष्ट्रभर वाजत होतं, जत्रांत, वरातीत, रिक्षांत. तारीख व्हॅलेंटाइन डेची. पोस्टरवर गावाकडचं कोवळं प्रेम. आणि गंमत म्हणजे ते गाणं सिनेमात नाहीच! ते केवळ जाहिरातीसाठी केलेलं. तिकीट काढून आलेला माणूस गाण्याची वाट बघत राहिला आणि गाण्याऐवजी दगड घेऊन घरी गेला.

याला फसवणूक म्हणायची का? म्हणणारे होते, आणि मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. पैसे देणाऱ्याला माल काय आहे ते कळायला हवं, हा साधा व्यवहार आहे. पण क्षणभर उलटं बघू. ‘जातीच्या अपमानावरचा गंभीर चित्रपट’ अशी पाटी लावली असती तर आलं कोण असतं? ज्यांना ते आधीच मान्य आहे, ते. हा सिनेमा ज्यांच्यासाठी होता ते शेजारच्या पडद्यावर दुसरं काहीतरी बघत बसले असते. जाहिरात लबाड होती, आणि तिच्या लबाडीतूनच सिनेमाला त्याचा खरा प्रेक्षक मिळाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता त्या शेवटच्या भागाकडे येऊ. इथं जरा रेंगाळायला हवं, कारण सगळी कारागिरी इथं आहे.

पोरीच्या लग्नासाठी कचरूला पैसे हवेत. गावानं त्याला डुकरं धरायचं काम दिलंय. अख्खं कुटुंब फासे, दोऱ्या, काठ्या घेऊन शाळेच्या आसपास डुकरामागं धावतंय. जब्याला तिथं दिसायचं नाही. तो आडोशाला लपतो, तोंड वळवतो, बाप त्याला ओढून आणतो. आणि हळूहळू गाव जमतं. पोरं कठड्यावर बसतात. शाळेतली पोरं थांबतात. कुणी टिंगल करतं, कुणी ‘फँड्री’ म्हणून हाक मारतं. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. हाक कुणाला आहे, डुकराला की जब्याला, हे मुद्दामच सुटं ठेवलेलं. गर्दीत शालूही आहे, आणि ती हसते आहे.

हा पाठलाग मंजुळे यांनी चक्क विनोदी रचला आहे. डुक्कर निसटतं, माणूस आपटतो, दुसरा त्याच्यावर पडतो, पुन्हा डुक्कर निसटतं. मूकपटांपासून चालत आलेली ही पडापडीची गंमत कुठल्याही माणसाला हसवते. थिएटरात हशा पिकायचा. मग मधेच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी सावधान उभा राहतो, घरचेही थबकतात, आणि हाताशी आलेलं डुक्कर निवांत निघून जातं. हसू अजूनच मोठं व्हायचं. पण त्यात काहीतरी खटकायला लागलेलं असायचं.

आता पडद्यावर काय आहे ते मोजू. मधे एक खेळ चालू आहे. भोवती रांगेनं बसलेली माणसं तो बघून हसताहेत. आणि थिएटरात? मधे पडदा. समोर रांगेनं बसलेली माणसं. तीही तोच खेळ बघून हसताहेत. आपण ज्या क्षणी हसलो, त्या क्षणी आपल्याला न विचारता दिग्दर्शकानं आपल्याला त्या कठड्यावर नेऊन बसवलं. मेलेलं डुक्कर काठीला टांगून जब्या आणि घरचे शाळेच्या भिंतीजवळून निघतात. त्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रं रंगवलेली आहेत. तिथवर हसू संपलेलं असतं, पण कठड्यावरून उतरायची वेळही निघून गेलेली असते. मग जब्या दगड उचलतो. टोळक्यावर एक, दोन, तीन. आणि शेवटचा, टवाळी करणाऱ्यांच्या जागी जिथं कॅमेरा उभा आहे, तिथं.

दगडच का? संवाद का नाही, रडणं का नाही? इथं डोळ्यांचं शास्त्र मदतीला येतं आणि ते भारी आहे. एखादी वस्तू बाजूनं जात असेल तर तिची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर सरकते. पण ती नेमकी आपल्यावरच येत असेल तर सरकत नाही, फक्त वाढते. अंतर निम्मं झालं की प्रतिमा दुप्पट. म्हणून आधी हळूहळू आणि शेवटच्या क्षणी एकदम झपाट्यानं. वस्तू केवढी आहे, किती लांब आहे, यातलं काहीही माहीत नसलं तरी चालतं. प्रतिमेचा आकार आणि तो वाढण्याचा वेग, या दोहोंच्या भागाकारावरूनच धडकेला किती वेळ उरला ते निघतं. हे गणित शिकावं लागत नाही. काही आठवड्यांच्या बाळासमोर वाढत जाणारी सावली दाखवली तरी ते डोकं मागं घेतं.

हे गणित किती जुनं आहे याचा पुरावा तर सिनेमाच्याच गोष्टीत शोभेल असा आहे. टोळाच्या डोळ्यांमागं एक चेतापेशी असते, अंगावर येणारी वस्तू दिसली की चेतणारी. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी टोळाला चक्क ‘स्टार वॉर्स’मधली दृश्यं दाखवली आणि ती पेशी कधी चेतते ते नोंदवलं. २००५ मध्ये त्यांना त्याबद्दल ‘इग नोबेल’ मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनासाठी दिलं जातं ते. टोळाचं सिनेमाबद्दल मत काय झालं हे मात्र कुणी विचारलं नाही. दगड आला की टोळ दचकतो, बाळ दचकतं, आपण दचकतो. तिथवर प्रेक्षकांत फूट नाही. फूट पडते ती दचकल्यानंतरच्या सेकंदात, जेव्हा मेंदू विचारतो: मला का मारलं?

कॅमेऱ्यावर हल्ला करण्याची युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे. १९०३ मध्ये एडिसन कंपनीसाठी एडविन पोर्टर यांनी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा बाराएक मिनिटांचा दरोडेपट केला. त्यात दरोडेखोरांचा म्होरक्या समोर दिसतो, प्रेक्षकांवर पिस्तूल रोखतो आणि गोळ्या झाडतो. या तुकड्याचा गोष्टीशी काही संबंध नव्हता, आणि कंपनीच्या सूचीत थिएटरवाल्यांसाठी सरळ लिहिलेलं होतं की हा तुकडा सुरुवातीला लावा नाहीतर शेवटी, तुमची मर्जी! म्हणजे तो नुसता फटाका होता, कुठंही वाजवावा.

जब्याचा दगड असा हलवता येत नाही. पहिल्या मिनिटाला लावा, लोक दचकतील आणि विसरतील. त्याला वजन आहे ते आधीच्या पावणेदोन तासांचं. आपण त्या पोराबरोबर माळावर हिंडलो, त्याच्यासाठी चिमणी शोधली, मनातल्या मनात त्याचे झालो. आणि तोच पोरगा आपल्याला टोळक्यात धरतो. ज्याला आयुष्यात असं कधी कुणी हसलेलं आहे, त्याला तो दगड आपल्याच हातातून सुटल्यासारखा वाटतो. तो उठून टाळ्या वाजवतो. ज्याच्यावर अशी वेळ कधी आलीच नाही, त्याला तो आपल्याकडे येताना दिसतो. तो गोंधळतो, चिडतो किंवा गप्प होतो. दृश्य एकच, पण ते बघायच्या जागा दोन. सिनेमा आवडला की नाही या प्रश्नाआधी दगडाच्या कुठल्या टोकाला आपण बसलो होतो हा प्रश्न येतो. आणि ते टोक बहुतेकांनी स्वतः निवडलेलं नसतं, जन्मानं मिळालेलं असतं.

म्हणून ‘पुढं काय झालं?’ हा प्रश्न मला भाबडा वाटत नाही. सवयीच्या सिनेमात पुढं काहीतरी होतं. नायक जिंकतो किंवा मरतो, आणि हिशेब पूर्ण होतो. इथं हिशेब प्रेक्षकाच्या खात्यावर टाकून दिग्दर्शक निघून गेला आहे. त्याचा राग येणं साहजिक आहे.

एक तक्रार मात्र तपासून बघावी लागते: ‘असं आता कुठं असतं? जुन्या गोष्टी उकरून गावांची बदनामी चाललीय.’ सिनेमा प्रदर्शित झाल्यावर अडीच महिन्यांत, २८ एप्रिल २०१४ ला, याच नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, खर्डा गावी, एका सतरा वर्षांच्या दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा संशय होता. मारहाणीला शाळेपासून सुरुवात झाली असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयानं सगळ्या आरोपींची निर्दोष मुक्तता केली. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. यावर मी टिप्पणी करत नाही. तारखा आणि तालुका पुरेसा आहे.

मग परीक्षकांना हा सिनेमा एवढा का भावला? २०१३ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात परीक्षकांचा मोठा पुरस्कार, पुढं ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठीचं इंदिरा गांधी पारितोषिक, म्हणजे सुवर्णकमळ, आणि सोमनाथला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा मान, एका तमिळ बालकलाकारासोबत विभागून. परीक्षक काही वेगळ्या मातीचे नसतात, पण ते वेगळ्या पद्धतीनं सिनेमा बघतात. राष्ट्रीय पुरस्कारासाठी त्या वर्षी सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट येतात. आधी विभागवार समित्या चाळणी लावतात. मराठी चित्रपट पश्चिम विभागाच्या समितीपुढं जातात. मग उरलेले केंद्रीय समितीपुढं. लागोपाठ, दिवसभर, दिवसेंदिवस. त्यांनी ते गाणं ऐकलेलं असेलच असं नाही, पोस्टर पाहिलेलं नसतं, मध्यंतरात वडापाव नसतो, आणि मुख्य म्हणजे तिकिटाचे पैसे त्यांचे नसतात. कुठलंही वचन न घेता ते आत बसतात, त्यामुळे वचनभंगाचा राग त्यांना येत नाही. शिवाय डझनावारी सिनेमे ओळीनं बघितल्यावर जे आधी कधी पाहिलेलं नाही ते ठळक दिसतं. पहिल्याच पुरणपोळीला माणूस तुटून पडतो. दहाव्या पोळीला त्याला ठेचा आठवतो.

त्यांचे कानही वेगळे होतात. पुढच्याच वर्षी भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला, मेंढरं घेऊन भटकणाऱ्या धनगर कुटुंबाच्या चित्रपटाला, प्रत्यक्ष स्थळावरच्या ध्वनिमुद्रणाचं पारितोषिक मिळालं. स्टुडिओत नंतर भरलेला आवाज आणि माळावर वाऱ्यात, मेंढरांच्या कालव्यात तिथल्या तिथं धरलेला आवाज यातला फरक तुम्हा-आम्हाला ‘खरं वाटतंय बुवा’ एवढाच कळतो. तो ज्याच्यामुळे खरा वाटतो त्या माणसाचं नाव परीक्षक शोधून काढतात. पुरस्कारांचा हा एक उपयोग तरी नाकारता येणार नाही.

पण परीक्षकांचं एकमत असतं हा समज काढून टाका. १९६० मध्ये कान महोत्सवात अंतोनिओनी यांच्या ‘लाव्हेंतुरा’ची भर सभागृहात हुर्यो उडवली गेली. एक बाई बेटावर हरवते, आणि सिनेमा तिला शोधायचंच विसरतो, म्हणून. दुसऱ्या दिवशी काही दिग्दर्शक आणि समीक्षकांनी सह्यांचं पत्रक काढून त्याची बाजू घेतली आणि शेवटी त्याला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं. एवढं लांब कशाला जा. २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ भारतातर्फे ऑस्करला निवडला गेला तेव्हा निवड समितीतले राहुल रवैल मतभेदांवरून बाहेर पडले होते. समितीचे अध्यक्ष होते अमोल पालेकर.

‘कोर्ट’नं तर ‘फँड्री’पेक्षाही जास्त डोकी भडकवली. व्हेनिसला दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, आणि १७ एप्रिल २०१५ ला थिएटरात आल्यावर लोक विचारू लागले, “हा सिनेमा आहे की सीसीटीव्ही?” टीका नेमकी आहे, मान्य करायला हवी. कॅमेरा कोपऱ्यात उभा राहतो तो हलतच नाही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरच्या अजब खटल्यात तारखांवर तारखा पडतात. शेवटाकडे न्यायालयाची खोली रिकामी होते, शिपाई दिवे घालवतो, अंधार होतो. प्रेक्षक उठायला लागतात आणि सिनेमा पुन्हा सुरू होतो! न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर डुलकी काढताहेत, पोरं ओरडून त्यांना उठवतात आणि ते हाताशी आलेल्या एका पोराला थोबाडीत देतात. कुणालाही, पुराव्याशिवाय, झोपेतून उठून. सबंध खटल्याचा निकाल त्या एका चापटीत आहे.

आणि ‘कोर्ट’मध्येही एक प्रेक्षागृह आहे, हे लक्षात आलं का? सरकारी वकील बाई सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयाची टर उडवली जाते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कॅमेरा त्या टाळ्यांकडे शांतपणे बघत राहतो. एका वर्षाच्या अंतरानं आलेले दोन मराठी सिनेमे, दोघांच्या पोटात हसणारी गर्दी, आणि दोघांचा रोख गर्दीवर. हे कुणी ठरवून केलं नसणार. म्हणूनच ते जास्त विलक्षण आहे.

पूर्वी परीक्षकांची आणि लोकांची आवड अशी वेगळी नव्हती, हेही खरं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच थिएटरात वर्षभराहून जास्त चालला आणि व्हेनिस महोत्सवातही वाखाणला गेला. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि घराघरांत रडूही आलं. पुढं ‘श्वास’ला तो सर्वोच्च मान मिळेपर्यंत २००४ साल उजाडलं. मधल्या पन्नास वर्षांत ‘अवॉर्डवाला’ आणि ‘चालणारा’ अशा दोन वेगळ्या पंगती बसल्या त्या बसल्याच.

नगरपुरतं एक आडवळण घेतो, कारण मोह आवरत नाही. एप्रिल १९१८ मध्ये याच शहरात, काही दिवसांच्या अंतरानं, दोन मुलं जन्मली. एक शाहू मोडक: पुढं पडद्यावरचे लाडके कृष्ण, आणि शांताराम बापूंच्या ‘माणूस’मधला (१९३९) पोलीस शिपाई गणपत, वेश्येवर जीव जडलेला, गोड शेवट नाकारलेला. दुसरा गोऱ्या सैनिकाचा मुलगा स्पाइक मिलिगन, ब्रिटिश विनोदाला वेडं करून सोडणारा. १९६९ पासून बीबीसीवर आलेल्या त्याच्या ‘क्यू’ मालिकेत प्रसंगांना शेवटच नसायचा. ऐन रंगात आल्यावर नट खेळ सोडून ‘आता काय करायचं?’ असं पुटपुटत कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत यायचे. तिथल्या प्रेक्षकांतही तट पडले; पुढं माँटी पायथनवाल्यांनी मात्र त्याला गुरू मानलं. शेवट न करता कॅमेऱ्यावर चालून जायचं हे नगरच्या पाण्यातच आहे, असा सिद्धांत मांडायला पुरावा नाही. पण मांडावासा वाटतो खरा.

मंजुळे यांनी प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकल्या असाव्यात, असं ‘सैराट’ (२०१६) बघताना वाटतं. या वेळी गाणी सिनेमाच्या आत होती, प्रेम बोलतं-नाचतं होतं, नायिका बुलेट चालवत होती. बर्लिन महोत्सवातही गेला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपटही ठरला. दोन्ही पंगती एका मांडवात! आणि शेवटी त्यांनी दगड मारला नाही. आवाजच काढून घेतला आणि एका लेकराची रक्तातली पावलं दाखवली. लोक निमूट बाहेर पडले. तंत्र म्हणून तो शेवट अधिक सफाईदार आहे. तरी मला विचाराल तर ‘फँड्री’चा शेवट मोठा. ‘सैराट’ आपल्याला रडू देतो, आणि रडलेला माणूस स्वतःला चांगला समजून घरी जातो. ‘फँड्री’ तेवढी सवलत देत नाही.

‘फँड्री’ पुन्हा बघणार असाल, तर एकट्यानं फोनवर बघू नका. दहा-बारा माणसं जमवा, त्यात हा सिनेमा न आवडलेले दोघे-तिघे मुद्दाम बोलवा, आणि डुकराचा पाठलाग सुरू झाला की पडदा सोडून खोलीतल्या माणसांकडे बघा. कोण हसतंय, कोण हसायचं थांबलं आणि कोण सुरुवातीपासून हसलंच नाही, ते लक्षात ठेवा. आवडला की नाही हा वाद त्यानंतर घाला.